जांभळ्याची उधारी

छावणीतल्या गल्लीत आमचं स्क्रीन प्रिंटिंग.
चार फ्रेमा, एक लांब टेबल, दोन पंखे, त्यातला एक चालतो.
तीस वर्षं झाली, मी पक्ष छापतो आहे.
पक्ष म्हणजे माझ्याकडे आधी रंग,
मग कापड, मग किती नग,
आणि विचारधारा म्हणाल तर
ॲडव्हान्स देतात की नाही.

भाची ऋजुता हॅनोव्हरला असते.
तिथल्या निवडणुकीत रोज फोटो पाठवायची:
दिव्याच्या खांबांना बांधलेले पुठ्ठे, त्यांवर हसणारी माणसं,
खाली एक ओळ, मामा, ओळख बरं कोण कोणाचा.
मी रंगावरून ओळखायला गेलो आणि सपशेल आपटलो.
काळा तिथे सोज्वळ, चर्चला जाणाऱ्यांचा.
आमच्याकडे काळं कापड नेतात
ते मंत्र्याच्या गाडीला दाखवायला,
आणि पावती नको म्हणतात.
लाल अमेरिकेत जुन्या वळणाच्यांचा,
इंग्लंडात त्यांचाच निळा.
माझ्याकडे निळं मागायला येतात महूकडचे,
चौदा एप्रिलच्या आठवडाभर आधी,
आणि रोख मोजतात.
तिकडे हिरवा म्हणजे झाडं.
इकडच्या हिरव्याबद्दल
मी तिला काही लिहिलं नाही.

नावांचंही तेच.
ऑस्ट्रेलियातले उदारमतवादी म्हणे तिथले सनातनी.
जपानातला पक्ष तर उदारही, लोकशाहीवादीही,
आणि हललाय कुठे खुर्चीवरून, फार तर दोनतीनदा.
समोरच्या ओट्यावर पेपर वाचणारे मुंगी मास्तर म्हणाले,
इथून तिथून सगळे सारखेच, भिया.

नाही मास्तर.
पोत वेगळा असतो, शिवण वेगळी असते,
कुणाचा रंग पहिल्याच धुण्यात सुटतो, कुणाचा धरून राहतो,
हाताला कळतं ते.
सगळे सारखे म्हणणाऱ्यानं
एकदा तरी बिलं वसूल करून बघावीत.

ऋजुताला मी एकच विचारलं,
तिथे हरलेला पक्ष प्रिंटरचे पैसे देतो का?
आधी नुसती हसली.
दोन दिवसांनी, कुणाला तरी विचारून, उत्तर आलं:
थोडी टक्केवारी गाठली की
मतामागे युरोच्या आसपास
सरकारच देतं पक्षाला. हरला तरी.

मी वही काढली.
बौरासी मॅडम, नगरसेवकपदासाठी.
पक्ष नवा, सभासद अकरा, चिन्ह शिलाई मशीन,
रंग जांभळा, कारण बाकीचे सगळे गेलेले.
तो मीच कालवून दिला होता,
लालात निळा, बोटभर पांढरा.
मतं दोनशे सात.
हॅनोव्हरच्या भावानं हिशेब केला
तर माझी उधारी फिटून
अकराही जणांचं चहापाणी निघतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी
कचरागाडी गाणं वाजवत आली.
आमच्या इंदुरात कचऱ्याचे सहा प्रकार
शेंबडं पोरही सांगतं,
पण गाडीवरचा पोरगा अडला.
झेंडा कुठल्या खणात?
काड्या वेगळ्या काढा, तो म्हणाला, कापड वेगळं.
मग जिंकलेल्यांचा एक आणि हरलेल्यांचे दोघे
मास्तरांच्याच ओट्यावर बसून
काड्या काढत राहिले,
एकमेकांकडे न बघता.
एकाकडे कात्री होती. ती तिघांत फिरली.

मॅडम महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात,
शाळा सुटल्यावर, पाचशेची नोट घडी घालून.
वहीत स्वतः लिहितात, तारीख टाकतात.
आता तीन हजार आठशे राहिलेत.
मी एकदा म्हटलं, राहू द्या की.
त्यांनी नुसतं पेन मागितलं.

गेल्या खेपेला दारातून वळल्या.
पुढच्या वेळी जांभळा जरा गडद ठेवा,
पाटनीपुऱ्याच्या चौकात उन्हानं विटला होता.
ठेवतो, म्हटलं,
आणि निळ्याचा डबा हलवून बघितला, किती उरलाय.

ॲडव्हान्सचं
विचारायचं राहूनच गेलं.