आकृती तीन

अंबडला, सेकंड शिफ्टला,
गायखे हनुवटीच्या वाटीचा साचा घासतोय.
हात त्याचे, पेटंट ओहायोच्या कुणाचं.
खेळाचं नाव फुटबॉल,
आणि पाय, म्हणे, कधीमधीच लागतो.

मशीनवर ड्रॉइंग चिकटवलंय:
पट्टा बारा, बकल चौदा, वाटी सोळा-अ.
प्रत्येकाला बाण, प्रत्येकावर हक्क.
फक्त डोकं तुटक रेषेत.
"डोक्यावर दावा नाही," साहेब म्हणाले होते,
"ते नुसतं समजायला."

गायखेने नमुन्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.
बारीक धार लागली.
शंभर किलोचं कुणाचं तरी पोर
पळत येऊन आदळणार,
आणि ही इथे, मऊ जागी.
पॉलिश पेपर घेऊन त्यानं साच्याला
केसभर गोलाई दिली.
ड्रॉइंगमध्ये नसलेली.
तिला नंबर नाही.

बारा वाजता पार्किंगमध्ये
गंगापूर धरणाकडून येणारं गार वारं.
त्याच्या हेल्मेटचं बकल
दिवाळीच्या आधीच तुटलंय;
सुतळीची गाठ, एका हातानं सुटणारी,
त्याची त्यानंच शोधलेली.
ती हनुवटीखाली आवळून
निघाला त्रिमूर्ती चौकाकडे.
दिव्याच्या उजेडात पुढे रस्त्यावर
पांढरी, तुटक रेष.