पेन्सिलीच्या शिशाएवढी

भिंती बुजवण्याआधी मी फोटो काढतो.
प्रत्येक खोलीचे, मोजपट्टी उभी धरून.
जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर तांबडी नळी,
शेजारी, वीतभर सोडून, निळी.
पुढं कुणी तसबीर टांगायला खिळा ठोकेल,
त्याला कळायला नको का
भिंतीत काय जिवंत आहे?

व्हाइटहॉर्सच्या नव्या घरांत
डाक लावल्याचा वास आता येत नाही.
तांब्याचे दिवस गेले,
माझ्या मनगटावर त्यांचा एक डाग तेवढा उरला.
आता प्लास्टिकची नळी, बोटभर जाड.
यंत्रानं तिचं तोंड फाकवायचं,
आत जोडणी सरकवायची
आणि थांबायचं.
नळी आपली आपण आवळत येते.
तिला आठवत असतं, आपण केवढ्या होतो.
कोल्टन, माझा शिकाऊ पोरगा, म्हणतो
आठवणबिठवण काही नाही, रसायन आहे.
असेल.

आयडा ब्रोरनचं घर आम्ही ऑगस्टमध्ये जोडलं.
तळघरातल्या कपाटात अकरा चाव्या,
अकरा नळांना अकरा वाटा.
कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला
म्हणून न्हाणीतल्याला चटका बसत नाही.
हवा भरून काटा रात्रभर तसाच ठेवला,
सकाळी तिथंच होता.
कोल्टननं काट्याला सलाम ठोकला.
आणि मुख्य नळीवर बसवली ती पांढरी पेटी,
थेंब थेंब मोजणारी, रात्रभर जागणारी.
मुलानं घ्यायला लावली. तो व्हँकूव्हरला असतो.
त्याला फोनवर आईचं पाणी दिसतं.

जानेवारी. उणे एकेचाळीस.
रात्री दोन वाजता आयडा:
पाणी गेलंय.

मी पोचलो तेव्हा
चुलीवर पातेलंभर बर्फ वितळत होतं
आणि पेटीवर लाल दिवा.
*तीन तास अखंड प्रवाह. गळतीचा संशय. पाणी बंद केले आहे.*
कुठंतरी पाणी मुरतंय, असं पेटीला वाटलेलं.

मी गुडघ्यांवर सगळं घर फिरलो.
छत कोरडं. कपाट कोरडं.
मोरीखाली हात फिरवला, बोटाला नुसती धूळ.
मग वर बघितलं, तर
नळाची मूठ केसभर तिरकी.

तो मीच सोडलाय, आयडा म्हणाली,
जणू मी विचारलं होतं, दाराला कडी का लावली.
गार पाण्याची, पेन्सिलीच्या शिशाएवढी.
थंडीत एवढी सोडायचीच.

नदीकाठच्या जुन्या घरात
एकदाच विसरली होती, एकोणऐंशी साली.
सकाळी स्वयंपाकघरात घोट्याएवढा बर्फ,
आणि त्यात रुतलेले पोराचे दोन बूट,
चालता चालता थांबल्यासारखे.
नवरा दिवसभर जमिनीखाली, हातात ज्योत,
वरून ही लाकडावर पाणी शिंपडत,
घर पेटू नये म्हणून.

मी समजावलं.
या भिंतीत हातभर कापूस भरलाय.
नळी उबेच्या बाजूनं नेलीय.
गोठलीच तरी फुगेल, सहसा फुटायची नाही,
वितळली की पुन्हा होती तेवढी.
ती सगळं ऐकत होती, मान हलवत होती,
आणि मी पाणी चालू करताच
हात गेला, मूठ केसभर तिरकी झाली.
तिनं बघितलंसुद्धा नाही.

पेटीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.
मग भरलं: नोव्हेंबर ते मार्च,
रात्री दहा ते सकाळी सहा,
इतक्या धारेला हरकत नाही.
पेटीनं कारण विचारलं.
बाग. तरणतलाव. बर्फाचं यंत्र. इतर.

मी 'इतर' दाबलं.

आयडानं पातेल्यातल्या पाण्याचीच कॉफी केली,
आता आणलंय तर वाया कशाला, म्हणाली.
वितळलेल्या बर्फाची कॉफी
चवीला जरा पत्र्यासारखी लागते.
मी दोन कप प्यालो.