त्रेसष्ट खिळे

दिवस गेले, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.
दिवस भरतील, तेव्हा सगळ्यांनाच कळणार होतं:
मार्चची बारा तारीख,
पेन्सिलीने गोल काढून ठेवलेली.

त्याने जानेवारीची आठ निवडली.
अर्कालिकमध्ये उणे एकतीस, आणि वादळ असं
की समोरची इमारतच कुणीतरी उचलून नेलेली.
येर्मेक नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो.
त्याच्याच केबिनमध्ये, डिझेलच्या वासात,
फाळ खाली टाकून आम्ही निघालो.
माझं पोट आवळत होतं, सुटत होतं,
पुढे रस्ता होत होता, मागे बुजत होता.

तेराशे चाळीस ग्रॅम.
रडला नाही. मांजराच्या पिल्लाने जांभई द्यावी
तसं काहीतरी केलं.
मी म्हटलं, "याला अजून भुवया नाहीत."
या जगात आईकडून त्याने ऐकलेलं
पहिलं वाक्य.

मग काच.
काचेला दोन गोल भोकं, कोपरापर्यंत धुतलेले माझे हात.
दर तीन तासांनी पिळलेलं दूध,
बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर माझं आडनाव,
कारण त्याला नाव नव्हतं.
पहिल्या दिवशी तीन मिली.
मी ते दिव्यासमोर धरून दोनदा मोजलं.

आणि घरी, चौथ्या मजल्यावर,
माझी सासू कुल्याश भिंतीत खिळे ठोकत होती.

तिचा सासरा असाच अपुऱ्या दिवसांचा.
त्याला म्हणे कोल्ह्याच्या कातड्याच्या टोपीत ठेवून
लोकरी तंबूच्या लाकडी जाळीला टांगलेला,
रोज एक टोक पुढे,
जेवढे दिवस उणे तेवढी टोकं.
टोपी अजून आहे. तंबू नाही, जाळी नाही,
आहे ती सोव्हिएत काळातली काँक्रीटची भिंत,
खिळा घेता घेत नाही.
खालच्या मजल्यावरचा शेव्चुक पाइपवर छडी आपटायचा.
ती म्हणे, आपट,
आणि पुढचा ठोकायची.

बाळ काचेत. टोपी रिकामी.
मी शाळेत गणित शिकवते,
शून्य पुढे सरकवल्याने काय होतं ते मला विचारा.

सतराव्या रात्री तो श्वास घ्यायला विसरला.
आवाज काहीच झाला नाही, यंत्रच ओरडलं.
ल्युबोव्ह सिस्टरने तळपायावर टिचकी मारली.
पुन्हा.
तिसऱ्या टिचकीला त्याला आठवलं.
मी घरी फोन केला नाही. काय सांगणार होते?

सतरावा खिळा वाकडा गेला होता, हे मला नंतर कळलं.
टोपी घसरायची, सारखी घसरायची.
दुसरा ठोकावा तर शेव्चुक झोपलेला.
म्हणून ती म्हातारी त्या रात्री
भिंतीपाशी उभी राहिली, टोपीखाली तळहात धरून,
उजाडेपर्यंत.
येर्मेक म्हणतो, आईचं डोकं फिरलंय.
मी त्याला सतराव्या रात्रीचं सांगितलेलं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी घरी आणला.
नाव तुर्सिन. म्हणजे राहू दे.
आमच्यात असं नाव ठेवतात,
मागण्याचं, फुशारकीचं नाही.
मला वाटलं, झालं, आता उतरवा ती टोपी.
कुल्याश म्हणाली, "चौदा उरलेत."
तो माझ्या छातीवर, कातडीला कातडी लावून,
आणि टोपी भिंतीवर, आपल्या वाटेने.
छप्पन्नाव्या पहाटे तिचे गुडघे धरले,
उठवेना.
मी उठले. इकडेतिकडे पाहिलं,
आणि टोपी पुढच्या खिळ्याला लावली.

बारा मार्च. शेवटचा खिळा, खिडकीशेजारी.
कुल्याशने टोपी काढली, झटकली,
आत हात घालून अस्तर चाचपलं
काही राहिलं तर नाही ना म्हणून.

रात्री दोनला तो रडला.
तोपर्यंत कुरकुरायचा नुसता.
हे रडणं होतं, सगळं अंग घालून,
लालबुंद, भुवया आवळून.
खालून पाइपवर छडी आपटली.
पुन्हा आपटली.

अंधारातून सासू म्हणाली,
"ऐकू गेला."