प्लस-मायनस

अंबडच्या सिग्नलला थांबले की
स्कूटीचा आरसा मला हनुवटी दाखवतो.
घरातला आरसा सभ्य आहे, ट्यूबलाइटखाली गप्प बसतो;
हा सकाळी सव्वासातच्या उन्हात
एकेक केस मोजून देतो.
पर्समध्ये व्हर्नियर असतो आणि चिमटा,
दोन्ही स्टीलचे.
हिरवा दिवा लागेपर्यंत दोन निघतात. कधी तीन.
मागचा टेम्पोवाला हॉर्न देतो.

मी क्वालिटीत आहे, तेरा वर्षं.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं:
व्यास पंचवीस, प्लस-मायनस दोन शतांश.
तेवढ्यात पार्ट जगतो.
बाहेर गेला की लाल क्रेट.
मी हजारो टाकलेत, हात न थरथरता.

म्हणून रिपोर्ट आला तेव्हा मला वाचता येत होता.
टेस्टोस्टेरॉन. आकडा ठळक. शेजारी वर जाणारा बाण,
पुढे मर्यादा, इथपासून इथपर्यंत.
ड्रॉइंग कुणी काढलं, एवढंच लिहिलेलं नव्हतं.

निफाडच्या स्थळाच्या मावशीने
चहाचा कप घेताना माझ्या ओठांवर नजर ठेवली,
मी गेज लावते तशी.
गो, नो-गो.
तिने कप खाली ठेवला तेव्हाच मला निकाल कळला.
आई मात्र आठवडाभर फोनजवळ.

पंचवटीत गाइड सांगत असतो
या गावाला नाव कशावरून पडलं म्हणे:
एका बाईचं कापलेलं नाक.
सहलीची पोरं हसतात. पाचवीत मीही हसले होते.
आता तिथून जाताना ओढणी आपोआप वर येते,
मग मी ती मुद्दाम खाली घेते.

मामाच्या दिंडोरीच्या बागेत
बाया कोवळे घड जीएच्या पाण्यात बुडवतात,
मणी लांबावेत, फुगावेत म्हणून.
संप्रेरकच ते, दुसरं काय.
मामा घड तळहातावर तोलून म्हणतो, बघ, एक्स्पोर्ट माल!
आणि मग माझ्याकडे बघून, हळूच,
तुझ्या त्या हार्मोनचं काय झालं गं?

डॉक्टर क्षेमकल्याणीबाईंनी गोळी लिहिली,
चालायला सांगितलं, आणि म्हणाल्या,
हे जाईल असं नाही. हे असताना बरं राहता येतं.
तिथे मी मान डोलावली.
घरी येऊन तीन महिने भांडले त्या वाक्याशी.

तर आता पांडवलेणी. आठवड्यातून चार दिवस.
पहिल्या महिन्यात निम्म्या पायऱ्यांवर धाप,
एक आजोबा रोज मला मागे टाकून जायचे.
ज्वारीची भाकरी. अकराच्या आत झोप.
मिसळ सोडलेली नाही, तेवढं मी माझ्या अखत्यारीत ठरवलंय.
पाळी आली तेव्हा कॅलेंडरवर गोल केला,
दुधाच्या हिशेबाशेजारीच.
वर लेण्यांपाशी वारा असतो.
कानाखालच्या लवेतून तो जातो ते मला नेमकं कळतं,
कुठून वळला तेसुद्धा.
गुळगुळीत गालांना इतकं कळत असेल का?
माहीत नाही. विचारणार कुणाला.

प्रचिती गामणे, नवी ट्रेनी,
साथ संपून इतकी वर्षं झाली तरी मास्क काढत नाही,
कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवते.
काल म्हणाली, मॅडम, टॉलरन्स म्हणजे सहन करणं ना?
म्हटलं, नाही गं.
शाफ्ट आणि भोक अगदी एका मापाचे केले
तर बसतच नाहीत. थोडी जागा ठेवावी लागते.
जागा ठेवली की फिरतं.
तिने वहीत लिहून घेतलं.

मी तिच्यासमोर बसले, खिडकीकडे तोंड करून.
हनुवटीवर चार होते. मला माहीत होते.
डबा उघडला. मेथी होती,
थोडी करपलेली.
तिने मास्कच्या दोरीला हात लावला,
आणि मी भाजी वाढायला खाली बघितलं.