साडेपाच की सहा

रात्री पावणेतीनचं चित्र उशिरा उतरलं.
विलेमस्टाडच्या हवामान कचेरीत आम्ही दोघंच,
रिग्नाल्ड आणि मी.

परवा संध्याकाळी याला डोळा नव्हता.
नुसता बेढब ढग, बाजूला तुटक पट्टे.
मिस्टर रोझारिया निवृत्त होताना माझ्या खणात ठेवून गेलेली
प्लास्टिकची वक्ररेषा, कडा पिवळ्या पडलेली,
मी पडद्यावर धरली
आणि पट्टा वर्तुळाभोवती किती गुंडाळतो ते मोजलं.
दहापैकी नऊ भाग.
साडेतीन, असं लिहिलं. घरी गेले. मासे तळले.

दोन रात्री माझा डोळा लागला नाही.
त्याचा उघडला.

आता चित्रात रंग नाहीत, नुसती थंडी आहे.
करड्या छटांची उतरंड:
काळं म्हणजे उणे पासष्टच्या आसपास,
पांढरं म्हणजे उणे सत्तरच्याही खाली.
ढग जितका उंच, तितका गार,
आणि मधोमध डोळा, जितका उबदार तितका वाईट.
रोझारिया म्हणायचे,
ऊब दिसली की पोरी, खुर्ची पुढे ओढ.

पांढरं कडं डोळ्याभोवती पुरतं मिटलं तर सहा.
कुठे तुटलं, तर काळ्यावर भागवायचं, साडेपाच.
एकशे पंधरा नॉट, नाहीतर एकशे दोन.

नैर्ऋत्येला तुटतंय, रिग्नाल्ड म्हणाला.
मी म्हटलं, चष्मा पूस.
त्याने पुसला. तुटतंयच, म्हणाला.
मी भिंग आणलं. बांगडीला चीर असावी
तशी एक बारीक काळी फट.
आम्ही त्या फटीवरून दहा मिनिटं भांडलो,
दोन ठिपके रुंद फटीवरून.

डोळ्याच्या आत नकाशाची हिरवी रेघ.
साबा.
अख्खं बेट, त्याचा ज्वालामुखी, चार गावं,
लाल छपरं, दगडी पायऱ्या,
सगळं मिळून आमच्या पडद्यावर तीन ठिपके.

तीन वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला.
अँसेल झॅगर्स, तिथला पर्जन्यमापकवाला,
सहा वर्षं रोज सकाळी सातला आकडा कळवणारा,
एक दिवस न चुकता, पाऊस शून्य असला तरी.
नऊशे चोपन्न, म्हणाला.
आवाज अगदी जवळून, वारा नाही त्यात.

मी तक्त्यावर बोट फिरवलं.
साडेपाचला नऊशे साठ. सहाला नऊशे अठ्ठेचाळीस.
बरोब्बर मधोमध.
रिग्नाल्ड हसला. मग हसायचा थांबला.

इथे तारे दिसतायत, अँसेल म्हणाला.
कुठून तरी पक्षी आलेत, समुद्रातले, अंगणभर,
उडत नाहीत.

तो खालून वर पाहत होता
आणि आम्ही, छत्तीस हजार किलोमीटरवरून खाली,
त्याच भोकातून.

मिस इलोडीचं दार निघालंय, तो म्हणाला.
ठोकायला वेळ आहे का?

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
मी पट्टी घेतली. डोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत
बत्तीस किलोमीटर. चाल ताशी सोळा.
तू मध्यावर असलास तर तासभर, म्हटलं.
आणि नसलो तर?
पडद्यावर तो मध्याच्या जरा डावीकडे होता,
एक ठिपका, की अर्धा, कुणास ठाऊक.
म्हटलं, चाळीस मिनिटं धर. उशीर करू नकोस.
वारा आता उलट्या बाजूने येईल, दार त्या बाजूला टेकव.
खिळे लांब घे, रिग्नाल्ड मागून ओरडला,
जसं काही ते आमच्या पुस्तिकेत लिहिलंय.

सव्वाचारचं चित्र वेळेवर आलं.
नैर्ऋत्येची फट मिटली होती.
रिग्नाल्डने चष्मा न पुसताच मान हलवली.
सहा, मी लिहिलं.
हिरवी रेघ आता डोळ्यात नव्हती,
पांढऱ्याखाली गेली होती, तिन्ही ठिपके.

सात वाजता मी फोनशेजारी बसून होते.
वहीत साबाच्या रकान्यात
तारीख घालून ठेवली होती.