तिसरा रकाना

बर्नलीतली ही घरं विणकरांसाठी बांधलेली,
एका रांगेत चाळीस, भिंतीला भिंत,
आणि भिंत म्हणजे काय, एका विटेची जाडी, वर वॉलपेपर.
शर्वरी सकाळी साडेआठला वॉर्डातून येते,
अर्धा चहा पिते, पडदे ओढून झोपते.
माझी सुट्टी मंगळवारी. इथे दुपार,
तेव्हा इचलकरंजीत हेरंब कामावरून घरी आलेला असतो.
मग आम्ही दोघं भाऊ कुठल्यातरी परग्रहावर
दोन तास गोळ्या झाडतो.
खुशाली विचारायची ती त्यातच.

जुनं मशीन पाच मिनिटांत कुकरसारखं व्हायचं,
शिट्टी तेवढी व्हायची नाही.
"विमान उडणार कधी?" ती पांघरुणातून विचारायची.

म्हणून साडेसहाशे पौंड. वर एक पेनी नाही,
बॉयलरवाल्याचेच द्यायचेत अजून.

वहीत तीन रकाने आखले: भाग, किंमत, आवाज.
तिसरा भरताना कळलं,
गप्प बसायलाही बाजारभाव असतो.

प्रोसेसर मधला घेतला, पासष्ट वॉटचा,
कमी खातो म्हणून कमी तापतो.
पाण्याचा कूलर घ्यावा असं दोन रात्री वाटत राहिलं,
पण पंप आला की त्याची कुरकुर आली;
पस्तीस पौंडांत तांब्याच्या नळ्यांचा साधा घेतला.
केस काळी, बिनकाचेची.
रंगीत दिव्यांचे बारा पौंड वाचले ते मोठ्या पंख्यात घातले.
मोठा पंखा सावकाश फिरतो,
जेवल्यावर शतपावली घालणाऱ्या माणसासारखा.
करकरणारी जुनी डिस्क बाद.
पॉवर सप्लाय असा, की काम नसलं तर चूप.
अशी माणसं आमच्या नात्यात दोनच.

गणित फसलं ग्राफिक्स कार्डापाशी.
नवं घ्यावं तर निम्मे पैसे तिथेच.
ॲक्रिंग्टनला, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये,
क्रेग नावाच्या पोराने डिकीतून काढून दिलं,
बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेलं.
"मुलगी झाली," म्हणाला, "आता खेळतोय कुठला."
एकशे सत्तर.
मी एकशे साठ म्हणणार होतो.
म्हटलं नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडलं.
एक स्क्रू कार्पेटमध्ये गेला तो अजून तिथेच आहे.
बटण दाबलं. काही नाही.
गेले साडेसहाशे, म्हणून कान लावला.
चालू होतं.

(गेमच्या मेनूवर मात्र कार्ड घुंगुरट्यासारखं गुणगुणायचं.
फ्रेम साठावर बांधल्या, व्होल्टेज जरा उतरवलं.
घुंगुरटं गेलं.)

आमच्या घरामागे बारा माग होते.
रात्रभर खटखट, आणि आम्ही त्यातच गाढ.
माग थांबले की अख्ख्या गल्लीला जाग यायची:
वीज गेली, की सुताचा भाव चढला,
की कुणाचा हात सापडला?

पलीकडची डोरीन नव्वदीला टेकलीय.
पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिली,
कान तिथेच ठेवून आली.
ओठ वाचते, माझं इंग्रजीसुद्धा.
तिला सांगितलं, बिनआवाजाचं यंत्र बनवलंय.
ती म्हणाली,
"मग चालतंय ते कळतं कसं?"

मंगळवार. हेरंब आला.
इतकं शांत, की वरच्या खोलीत
शर्वरीने कूस बदलली तेही ऐकू आलं,
फ्रिजचा उसासा, माऊसची टिकटिक,
हेरंबच्या मागे कुणीतरी फोडणी घातलेली.
मी अगदी दबकत खेळत होतो.
आणि मग तो खुळ्यासारखा उघड्यावर आला
आणि मी ओरडलो, "अरे मागे बघ! मागे, गाढवा!"

छताला वरून दोन ठोके.
मग जिन्यावर ती, केस विस्कटलेले:
"मशीन छान झालंय.
आता तेवढं तुझं तोंड
बदलून मिळतंय का बघ."

वही काढून पाहिली.
चार पौंड उरले होते.