यादीत नसलेला शब्द

एरंडवण्यातली आमची प्रयोगशाळा म्हणजे
एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीतून येणारी
शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर.
मी पंधरा शब्द वाचते, दोन सेकंदांना एक,
आवाज सपाट ठेवून, तशी सूचनाच आहे:
खाट. उशी. रात्र. जांभई. चादर.
घोरणं. दमणूक. स्वप्न. गजर. डुलकी.
असेच आणखी पाच.
मग समोरचा माणूस आठवेल तेवढे परत देतो.

'झोप' मी वाचत नाही.
ती यादीतच नाही.
तरी दहातले सहाजण ती मला ऐकवतात.

आज धायरीचे पायगुडे होते, रिक्षावाले.
दीडशे रुपये आणि चहा मिळतो म्हणून
रिक्षा म्हात्रे पुलाशी लावून आलेले.
अकरा शब्द सांगितले, बोटांच्या पेरांवर मोजत,
आणि बारावा: झोप.
"नक्की?" मी फॉर्मवरचा प्रश्न विचारला.
"म्हंजे काय! तुमीच म्हणालात की.
चादरीनंतर. जरा थांबून म्हणालात."

जरा थांबून.
नसलेल्या शब्दाला त्यांनी माझा आवाज दिला होता,
वर श्वास घ्यायला जागाही.

विभागाच्या माळ्यावर एक पिंजरा पडून आहे,
जुन्या सरांच्या काळचा. एक कळ, दाण्यांची एक वाटी.
तेव्हा मोजायचे एवढंच: घंटा वाजली, पंजा पडला.
मधल्या अंधाराबद्दल बोलायचं नाही,
दिसत नाही म्हणजे नाही.
आमचं सगळं दुकान त्या मधल्या अंधारात.
नळ स्टॉपला सिग्नल सुटायच्या आधीच
हॉर्नवर हात ठेवणारा दिव्याला उत्तर देत नसतो;
त्याच्या डोक्यात हिरवा केव्हाच लागलेला असतो.
हे मी वर्गात सांगते. मुलं हसतात. लिहून घेतात.

संध्याकाळी शर्वाणीचा फोन. बाबांचं वर्षश्राद्ध,
केळीची पानं कोण आणणार.
बोलता बोलता मी म्हणाले,
मी बंगळूरला निघाले ना, तेव्हा स्टेशनवर
बाबा म्हणाले होते, तुझ्यावर फार जीव आहे गं माझा.

तिकडे भांडी विसळायचा आवाज थांबला.
"बाबा? काहीतरीच काय! मी शेजारीच उभी होते, ताई.
म्हणाले, डबा खिडकीशी ठेवू नको, ऊन लागतं.
बाटली भरून घे. मिरजेला खाली उतरू नको.
सुटे पैसे वरच्या कप्प्यात.
पोचलीस की कुलकर्ण्यांकडे फोन कर.
स्वेटर, म्हणाले. नुसतंच, स्वेटर.
गाडी हलली तरी चालत होते बरोबर,
कडी नीट लावलीस का, विचारत."

मला ते वाक्य अजून ऐकू येतं.
खडकीच्या कारखान्यात यंत्रांच्या वर ओरडून
बसलेला त्यांचा आवाज.
आणि त्याआधी
बाबा जरा थांबलेले.

सव्वीस वर्षं मी ते वाक्य मोडून खाल्लं आहे.
त्याच्या भरवशावर एक नोकरी सोडली,
एका माणसाला नाही म्हटलं,
आईशी अबोला धरला, परत सोडला.
खोटं नाणं, आणि सगळीकडे चाललं.
की शर्वाणीच विसरली?
ती तेव्हा तेरा वर्षांची, वडापावच्या गाडीकडे बघत होती.
विचारणार कुणाला. फलाटाला?

फॉर्मवर एक रकाना आहे: चूक.
तिथे मी रोज फुल्या मारते, हात न थरथरता.
पायगुड्यांच्या बाराव्या शब्दापुढे
पेन्सिल टेकवून बसले आहे कधीची.
गिरणी बंद झाली आहे.

जाताना त्यांनी विचारलं होतं,
"पास का, मॅडम?"
मग रात्रपाळीवर निघाले,
जिन्यात तोंडावर हात धरून
जांभई देत.